येळवस, फसलेली भज्जी आणि आमचा मुनीम

गोलाईकर :

काल येळवस झाली. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात : मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात. कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात. लातूरच्या बाजारचौकात, गंजगोलाईला, सोळा रस्ते येऊन मिळतात, काल दुपारी त्या सोळांवर मिळून चार माणसं दिसली असती तर शप्पथ.

तर मुद्दा असा की आमची भज्जी, म्हणजे येळवशीची दाण्या-पाल्याची भाजी, फसली.

आम्ही पाच जण. शाळेपासूनचे. सगळे बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेले, सुकडी खाऊन वाढलेली पोरं म्हणून आमच्या आया अजून सुनावतात. १९८८ ला दहावी झालो. आधी सहा होतो. सहावा मुनीम. तो पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी गेला. रात्री जेवला, बाजेवर आडवा झाला, सकाळी उठला नाही.

मुनीम हे त्याचं नाव नाही. वडील आडतीत मुनीम होते. आठवीत ह्याची बेरीज चुकली, गणिताचे सर म्हणाले, "मुनिमाचं पोरगं आणि हातचा विसरतंय?" झालं, चिकटलं ते चिकटलं. पुढं गडी खरोखर त्याच आडतीत मुनीम झाला. तूर, हरभरा, सोयाबीन. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे काढून दोन दाताखाली फोडायचा आणि ओल किती ते सांगायचा. मशीन मागाहून तोच आकडा दाखवायचं, अर्धा टक्का इकडंतिकडं. शेतकरी मशीनपेक्षा त्याच्या दातावर जास्त भरवसा ठेवायचे.

रेणापूरच्या रस्त्याला त्याचं तीन एकर रान आहे. आमची येळवस तिथंच. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तो स्वतः बांधायचा. पाच दगडांना चुना आणि काव लावून पांडव करायचा. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे भांडं, डोक्यावर घेऊन रस्त्यापासून कोपीपर्यंत चालत यायचा, पन्नाशीनंतरसुद्धा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि भज्जी. वीस-पंचवीस माणसांची भज्जी हा एकटा रटरटवायचा, आम्ही पाची जण बोरीखाली पत्ते खेळायचो.

दिवस घातल्यावर त्याच्या पोरानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, येळवशीची यादी बाबा कुठं ठेवायचे?" मी म्हणालो असेल कुठंतरी खतावणीत. सगळं घर धुंडाळलं. आडतीच्या वह्या सापडल्या, एका अक्षराची खाडाखोड नाही अशा. आमची यादी नाहीच. जन्मभर दुसऱ्याचा पैसा न् पैसा लिहिणाऱ्यानं आमचं काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

त्यामुळं काल काय झालं ऐका. तिघांनी धपाटे आणले. दोघांनी गाजरं. चिंच कुणीच आणली नाही. कोप दुपारी एक वाजता पश्चिमेला कलली, तिला ट्रॅक्टरच्या नांगराला बांधून ठेवली. भज्जीत लिंबू पिळून बघितलं, मग कुणीतरी डाळीचं पीठ वरून टाकलं, त्याचे गोटीएवढे गोळे झाले. ते फोडायला पाणी घातलं तर पळीवाढी आमटी झाली. आंबील नासलं म्हणावं का फाटलं म्हणावं कळेना, वर पाणी खाली पीठ.

मुनीमच्या मायनं ताट पुढं ओढून एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आसू द्या. पोटात गेल्यावर सारखंच हाय."

तर जाणकारांनो, एक डझनभर माणसांच्या भज्जीचं माप सांगा. आणि दुसरं, तुमच्या टोळक्यात असा एक माणूस आहे का, की जो सगळं करतो आणि तुम्ही पत्ते खेळता? असेल तर तो हयात असतानाच त्याच्याकडून चिंचेचं माप विचारून घ्या.

*

धपाटे_एक्सप्रेस :

वाईट वाटलं आणि हसू पण आलं, माफ करा. तीन घरचे धपाटे आणि चिंच नाही, हे अगदी आमच्या टोळक्यासारखं.

ते येळवशीला रानात म्हणतात ते 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत फिरलात का पण? ते कोण म्हणतं तुमच्यात?

*

गोलाईकर :

तोच म्हणायचा. काल आम्ही म्हटलं, पण अर्ध्यांनी 'वलगे' म्हटलं आणि अर्ध्यांनी 'ओलगे', ताल सुटला.

*

मांजराकाठ :

'वलगे' असंच आहे. आमच्या सासूबाई निलंग्याकडच्या, त्या तसंच म्हणायच्या. शब्द कानडीतून आलेत म्हणतात, सीमेवरची माणसं आपण. असो, त्यावर भांडण नको, दर वर्षी होतं.

आता लिहून घ्या. बारा माणसांना तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे आणि वाटाणा, प्रत्येकी पाव किलो. वालाचे दाणे मिळाले तर मूठ-दोन मूठ. शेंगदाणे एक वाटी, रात्री भिजवायचे. मेथीच्या दोन जुड्या, चुक्याची एक, कांद्याची पात अर्धी जुडी. गाजरं दोन, वांगी चार, मूठभर बोरं. बोरं टाळू नका, त्याशिवाय ती येळवशीची भज्जी नाही, मिसळभाजी आहे. डाळीचं पीठ दीड वाटी. चिंच लिंबाएवढे दोन गोळे. हिरवी मिरची आणि लसणाचा ठेचा तुमच्या तोंडाप्रमाणं, तेलात सढळ.

चूक कुठं झाली सांगते. पीठ वरून कधीच टाकायचं नाही. चिंचेचा कोळ गार असताना त्यात पीठ हातानं कालवायचं, एक गुठळी राहिली नाही पाहिजे. दाणे आणि पाला शिजला की ते बारीक धारेनं सोडायचं आणि एकानं हलवत राहायचं. दोन माणसं लागतात. तुमचा मित्र एकट्यानं कसं करायचा मला कळत नाही.

आंबिलाचं पण तेच. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. मग ताक. तुम्ही गरम गरम ताक ओतलेलं दिसतंय, फाटणारच. लसूण, जिरं, मीठ शेवटी. हे आदल्या दिवशी करायचं, शेतात जाऊन नाही.

आणि पाच बाप्ये आहात, घरी कुणाला विचारलं नाहीत का?

*

गोलाईकर :

ताई, विचारलं असतं तर घरच्यांनीच करून दिलं असतं. मग आम्ही काय केलं असतं?

(त्याची दोन माणसांची कामं एकट्यानं करायची युक्ती मी बघितली आहे. पातेलं पायाच्या दोन्ही तळव्यांत धरायचा, जाड गोणपाट लावून. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं उलथनं. वहिनी ओरडायच्या.)

*

औंढ्याचा :

राग मानू नका. पण आमच्याकडं वर्ष पुरं होईपर्यंत त्या घरात सण करत नाहीत. तुम्ही वर्षाच्या आत त्यांच्याच रानात येळवस केली, घरच्यांना विचारलं होतं का? मला नाही पटलं.

*

गोलाईकर :

बरोबर विचारलंत. आम्ही जाणार नव्हतोच. मीच सगळ्यांना सांगितलं होतं की यंदा नको. आठ दिवस आधी त्याच्या मायचा निरोप आला, पोराच्या हाती : "घरात सण नाही. रानात हाय. काळ्या आईची पूजा चुकवायची नाही, या." त्यांनी घरी पुरण-वरण काही केलं नाही, घरचं कुणी नवं नेसलं नाही. माय मात्र आली, पांडवांपुढं बसली. मग आम्ही कोण नाही म्हणणारे.

*

औंढ्याचा :

मग प्रश्नच नाही. माझे शब्द मागं.

*

परभणीची_लेक :

माझी गोष्ट वेगळी आहे पण सांगते. मैत्रीण आणि मी परभणीला एकाच वाड्यात वाढलो, शिकलो, दोघींची लग्नं पण एकाच साली. १९९९ मध्ये तिला सेलूला नोकरी लागली तेव्हा तिनं माझा कुकर नेला, 'पंधरा दिवसांत घेते नवा' म्हणून. पुढची बावीस वर्षं मी भेटेल तिथं कुकर मागायचे आणि ती म्हणायची, आज आमटी लावलीये त्यात, उद्या देते. उरुसाला फेब्रुवारीत दर वर्षी भेटायचो, त्या गर्दीत, खेळण्याच्या दुकानापुढं उभं राहून मी ओरडायचे, "कुकर दे गं माझा!" बायका वळून बघायच्या.

२०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. शेवटचं बघायला पण मिळालं नाही. दिवाळीत तिची मुलगी आली, पिशवीतून कुकर काढला. नवीन रबर, नवीन शिट्टी, बूड घासून पांढरं केलेलं. मी तिला म्हणाले परत ने. ती म्हणाली, आईनं सांगितलं होतं म्हणे, मावशी घेणार नाही, तरी दे.

घेतला नाही. तिच्याकडंच आहे. आता मी तिला फोन करून मागते.

*

रुळावरचा :

गोलाईकर, तुम्ही लोक पंढरपूरला छोट्या गाडीनं गेला असाल ना? त्या पिढीचा एकही लातूरकर मला भेटला नाही की जो गेला नाही. बार्शी लाईट, रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ ला बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली, लातूरला पोचली १९११ मध्ये. त्यावर कुणी आठवणी लिहिल्या की मी गोळा करतो.

*

गोलाईकर :

गेलो होतो की. बारावी झाल्यावर, १९९० च्या उन्हाळ्यात. सहा जण, तिकिटं चार. हिशेब मुनीमचा. तो म्हणाला, येडशीच्या पुढं घाटात गाडी इतकी हळू होती की दोघांनी उतरून चालायचं, म्हणजे तेवढं अंतर फुकट प्रवास केला असं होत नाही. ह्या तर्काला आम्ही अजून उत्तर देऊ शकलेलो नाही.

खरंच उतरलो. मी आणि तो. गाडीच्या बाजूनं करवंदं शोधत चाललो. डब्यातून बाकीचे शेंगा फेकून मारत होते. मग उतार लागला आणि गाडीनं वेग धरला. मी धावत पायरी पकडली. मुनीम राहिला. त्याची एक चप्पल रुळाकडेच्या खडीत अडकली होती, ती सोडून द्यायची नाही म्हणून तो वाकला. वडिलांनी पाडव्याला घेतलेली. आम्ही दारात लटकून ओरडतोय, "सोड ती!" आणि हा खडी उकरतोय. पुढच्या स्टेशनात गाडी चांगली वीस मिनिटं पाण्याला थांबली. हा आला, दोन्ही चपला पायात, कपाळावर घाम, आणि पहिलं वाक्य काय? "बघ, आता मी पुऱ्या तिकिटाचा नाही राहिलो."

विठोबाचं दर्शन झालं का ते मला आठवत नाही. चप्पल आठवते.

*

रुळावरचा :

ठेवून घेतलं! एक जोड देतो. ती अरुंद लाईन गेली, रुंद रूळ आले. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जी रेल्वे आली ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी ह्याच वाटेनं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर.

*

गोलाईकर :

१२ एप्रिल. पहाटे आम्ही दोघं बघायला गेलो होतो. त्या उन्हाळ्यात पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावली होती शहरात, इतकी भांडणं. आमच्या गल्लीत टँकर आला की मुनीम मधे उभा राहायचा, घागरींचे नंबर तोंडपाठ. कुणाची कालची एक घागर राहिली, कुणी परवा दोन जास्तीच्या नेल्या. वही नाही. एकदा एका दांडग्यानं त्याची कॉलर धरली, हा म्हणाला, "धर. पण नंबर तुझा सतरावाच हाय."

गाडी आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. हा गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "गड्या, आपण दोघं घाटात उतरलो होतो, ती हीच वाट." मला तोवर सुचलंच नव्हतं.

*

पुण्यात_लातूर :

गोलाईकर, ओळखलंस का मला? भज्जीत पाणी घालणारा तो मीच. काल रात्री परत पुण्यात पोचलो आणि हा धागा दिसला. चांगलं आमचं नाव काढलंस सगळ्यांसमोर.

तू एक लिहिलं नाहीस, ते मी लिहितो. दर वर्षीची येळवस आपण पहिल्यापासून करत नव्हतो. सुरू झाली किल्लारीच्या भूकंपानंतर. २९ सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून आपण मंडपातच झोपलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. मंडपाचे बांबू आपल्या अंगावर पडले, आपल्याला वाटलं कुणीतरी दारू पिऊन दोऱ्या कापल्या. उजाडल्यावर कळलं. आडतीचा टेम्पो निघाला ताडपत्र्या आणि रिकामी पोती घेऊन, मुनीम त्यात चढला. पाऊस लागला होता. चौथ्या दिवशी आला. आंघोळ केली, झोपला. काय बघितलं ते मला आजपर्यंत त्यानं सांगितलं नाही, तुला सांगितलं असेल तर माहीत नाही.

त्या वर्षी येळवस जानेवारीत आली. तेव्हा पहिल्यांदा त्यानं प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं, येळवशीला रानात यायचं, कुणी चुकवायचं नाही. १९९४ पासून धरलं तर एकतीस झाल्या.

मी त्यातल्या निदान दहा तरी चुकवणार होतो. पोरीची परीक्षा, कंपनीचं ऑडिट, एकदा तर तुझ्याशी भांडण झालं होतं प्लॉटवरून, तुझं तोंड बघायचं नव्हतं. आठ दिवस आधी त्याचा फोन यायचा. "काय करूलालास बे?" मी कारण सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बघ बाबा. सगळे येऊलालेत. तूच राहिलास." मग मी रात्रीच्या बसमध्ये बसायचो.

*

गोलाईकर :

थांब.

मलाही हेच सांगायचा. शब्दाला शब्द. प्लॉटच्या वर्षी मी विचारलं होतं, तो पुण्याचा येतोय का, तर म्हणाला, "तो कवाच निघालाय, तूच राहिलास."

*

पुण्यात_लातूर :

मी तेव्हा निघालो नव्हतो. त्या दिवशी रात्री दहा वाजता ठरवलं. तू येणार आहेस आणि मी नाही गेलो तर तू म्हणशील घाबरला.

*

गोलाईकर :

मी बाकी तिघांना आत्ता फोन लावले. तिघांनाही तेच. एकाला तर २००३ पासून दर वर्षी तो एकटाच राहिलेला होता. उदगीरवाला म्हणाला, मला वाटायचं आपण सगळ्यात आळशी, बाकीचे किती मनाचे पक्के.

एकतीस वर्षं खोटं बोलला साला. आणि आडतीत एका किलोची लबाडी नाही.

वहिनींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, फोन लावायच्या आधी ते बाजेवर बसून पाची जणांची नावं बोटावर मोजायचे. मला वाटायचं पैसे मागायचेत कुणाला."

*

परभणीची_लेक :

मी आत्ताच मैत्रिणीच्या लेकीला फोन लावला. कुकर मागितला. म्हणाली, आज डाळ लावलीये त्यात.

*

धपाटे_एक्सप्रेस :

गोलाईकर, पुढच्या वर्षी फोन कोण करणार मग?

*

गोलाईकर :

पोरगं म्हणालं, मी करतो काका. मी म्हणालो तू कोप बघ, पायाखालची माती ठोकून घे, बापानं एक खड्डा दीड हात खोल घ्यायला सांगितलं असणार. ते म्हणालं, हो, एक हात नाही, दीड. म्हणजे ते तरी कुठंतरी उतरलंय.

फोन मी करीन. आतापासूनच सुरुवात केलेली बरी, हे पुण्याचं जनावर लांबचं आहे.

पुण्यात_लातूर, पुढच्या येळवशीला सगळे येऊलालेत. तूच राहिलास.

*

पुण्यात_लातूर :

खोटारड्या. येतो.

*

मांजराकाठ :

चिंच आदल्या रात्री भिजवा. आणि ती कोण आणणार ते आत्ताच ठरवा.